अर्धा श्वास आधी

एप्रिल लागला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच पुन्हा थरथरायला लागली. जुईनगरच्या आमच्या सोसायटीमागे जुनं गाव आहे. तिथे कुणाकडे हळद असली की दुपारी चारच्या सुमारास डीजेवाले टेम्पोतून स्पीकर उतरवतात आणि ते नीट लागतात की नाही हे सगळ्या सेक्टरला कळवतात. आधी काच थरथरते, मग मांडणीवरचे डबे, मग माझं डोकं. गाणं कुठलं ते कळत नाही. खालचा ठोका तेवढा भिंतीतून येतो आणि बरगड्यांना लागतो. लग्नसराई आली एवढं कळायला तो पुरतो.

याच दिवसांत माझ्या मेलबॉक्समध्ये नवे अल्बमही येऊन पडतात. पोटापाण्यासाठी मी द्रोणागिरीच्या एका ऑफिसात बसते. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या कंटेनरचे कागद तपासणं हे माझं काम. पण गेली अकरा वर्षं एका रविवार पुरवणीत दर पंधरवड्याला मी नव्या अल्बमांवर लिहिते. शास्त्रीय, गझल, रॅप, भक्तिगीतं, काय वाटेल ते. आमचे संपादक मला तिखट कानांची बाई म्हणतात. मला ते आवडायचं. चारचौघांत कुणी तसं म्हटलं की मी मान खाली घालून हसायची, म्हणजे नम्र दिसायला.

यंदाच्या ढिगात एका तरुण गायिकेचा ख्यालाचा अल्बम आहे. आवाज सुरेख, तयारी जबरदस्त. तानेमागून तान येते, एक दाणा इकडचा तिकडे होत नाही. पण पाऊण तासात ही बाई एकदाही श्वास घेत नाही. घेत असणारच, परवाच तिची मुलाखत पाहिली, चांगली हसतखेळत बोलत होती. म्हणजे श्वास नंतर कापून टाकलेत. भाजी निवडताना देठं काढावीत तसे. मग ते गाणं छातीतून येतंय असं वाटत नाही. ऐकून झालं आणि मीच मोठा श्वास घेतला.

गझलांचा एक आहे. त्यातलं दुःख कडक इस्त्रीचं. गायक सहा गझलांत सहा वेळा उद्ध्वस्त होतो आणि प्रत्येक वेळी त्याच पट्टीत, त्याच मुरकीवर होतो. उद्ध्वस्त माणूस इतका नेमका नसतो. एक भक्तिगीतांचा आहे, त्यात देवापेक्षा कीबोर्डची बासरी जास्त आळवली आहे. पियानो आणि खर्जाच्या मोठ्या व्हायोलिनचा एक परदेशी धाटणीचा अल्बम मात्र मी तीनदा ऐकला, कारण त्यात तारेवरून बोट घसरल्याचा आवाज ठेवलाय. आणि घणसोलीच्या दोन पोरांचा रॅप. आजोबांची भाताची खाचरं, त्यांवर उभे राहिलेले टॉवर आणि त्याच टॉवरच्या गेटवर बापाची वॉचमनची नोकरी, असं सगळं ती दोघं शिव्या देत सांगतात. तिसऱ्या गाण्यात त्यातल्या एकाचा दम संपतो. शब्द उरतात, हवा उरत नाही. त्यांनी ते तसंच राहू दिलंय. त्या जागेवर मी आख्खा परिच्छेद लिहिला. संपादकांनी विचारलं, एवढं काय आहे त्यात? मी म्हटलं, जागा कमी असेल तर गझल कापा.

श्वास मोजायचं हे वेड मला पूर्वी नव्हतं. उलट पूर्वी मी स्वच्छ गाण्याची भोक्ती होते. 'निखळ' हा माझा लाडका शब्द. मागच्या वर्षीची लग्नसराई झाली आणि तो शब्द मी लिहायचा सोडून दिला.

तेव्हा असाच एक अल्बम आला होता. पुण्याच्या एका तरुण संगीतकाराचा, सगळा यंत्रांवर केलेला. त्याचं नाव देत नाही, त्याची फुकट जाहिरात माझ्याकडून पुष्कळ झाली आहे. त्यातलं पाचवं गाणं आठ मिनिटांचं. खाली यंत्राचा एक सलग घुमारा, मध्येच पाण्याचा आवाज, आणि त्यावर एक बाईचा आवाज. जाड, संथ, विहिरीतून आल्यासारखा. शब्द कळत नव्हते. तिच्यामागे अधूनमधून दुसरा एक आवाज यायचा, तिची ओळ उचलायचा आणि तिच्याकडे परत द्यायचा. श्रेय म्हणून एवढंच लिहिलेलं: पारंपरिक, खासगी संग्रहातून.

मी ते ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ऐकलं होतं. डबा बाजूला सारला, महागातले हेडफोन कानांवर चढवले, डोळे मिटले. समोर यार्डात कंटेनर रचलेले होते. आमच्या कामात कंटेनर उघडून बघायची वेळ क्वचित येते. कागदावर जे लिहिलंय ते आत आहे असं धरून चालायचं. गाणंही मी तसंच ऐकलं असणार. कागदावर काही नव्हतं, म्हणून मीच भरलं. कुठल्याशा दूरच्या किनाऱ्यावरची, कुठल्याशा हरवत चाललेल्या जमातीची बाई असावी, असं मी ठोकून दिलं. पुढे लिहिलं, 'मुख्य आवाजात ऊन आणि मीठ आहे. मागचा दुसरा आवाज मात्र दर वेळी अर्धा श्वास आधी येतो आणि ओळ विस्कटून टाकतो. तो काढला असता तर हे गाणं निखळ झालं असतं.' रविवारी ते छापून आलं. मी कात्रण काढून फाइलला लावलं.

आमचं मूळ गाव उरणकडचं, खाडीकाठचं. आम्ही आगरी. आमच्याकडे लग्नात धवलारीण असते. हळद लावताना, उंबराची डहाळी मांडवात आणताना, नवरदेव निघताना, प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणारी ती धवलारीण. माझी हिराआत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्या पंचक्रोशीची धवलारीण. एकेकाळी तिच्या तारखा बघून लोक लग्नाच्या तारखा काढायचे. नाकात मोठी नथ, कडक नेसलेलं लुगडं, आणि मांडवात शिरली की नवऱ्या मुलाच्या बापानेही उठून उभं राहायचं.

धवला एकटीने म्हणत नाहीत. एकीने म्हणायचा, दुसरीने झेलायचा. आत्याचा धवला झेलायची माझी आई. नणंद-भावजयीचं एरवी फारसं पटत नसे. कालवणात कोकम किती घालायचं यावरून दोघी दोन-दोन दिवस अबोला धरायच्या. पण मांडवात आत्या पुढे आणि आई तिच्या डाव्या खांद्यामागे, ही जागा कधी बदलली नाही. मी लहान असताना त्यांच्या मागे हळदीच्या ताटाशी बसलेली असायची. ओल्या हळदीचा वास, मांडवावरच्या आंब्याच्या पानांचा वास, बायकांच्या केसांतल्या सुरंगीचा वास, आणि दोन पाठी. आईची पाठ गाताना किंचित पुढे झुकायची. मला आई गाताना आठवते ती पाठीकडून.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले आणि मला त्या सगळ्याची लाज वाटायला लागली. हे आता सरळ लिहायला हवं. माझं लग्न वाशीच्या एका हॉलमध्ये झालं. मी आईला सांगितलं, हॉलवाले वेळेचे फार कडक आहेत, धवले-बिवले नकोत. हॉलवाले तसं काही म्हणाले नव्हते. आई बरं म्हणाली. ती आणि आत्या पहिल्या रांगेत मखमली कव्हरच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, हातात अक्षता घेऊन, पाहुण्यांसारख्या. मंगलाष्टकं एका गायकाला बोलावून केली होती. तो फार स्वच्छ गायला.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, लग्नांचे व्हिडिओही आहेत. त्यांत ती जेवण वाढते, कुणाच्या पोराला कडेवर घेते. एका व्हिडिओत तर तिचे ओठ हलतानाही दिसतात. पण आवाज सगळा डीजेचा. गाणारी आई कुठेच नाही, असं मी धरून चालले होते.

मागच्या मे महिन्यात, तो लेख छापून आल्यावर आठवड्याभराने, मी आत्याकडे गेले होते. आत्या ओट्यावर बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडत होती. तिला दमा आहे, पंप सतत कनवटीला असतो, पण हात रिकामे ठेवत नाही. मी पुढच्या लेखासाठी फोनवर गाणी लावून बसले होते. एक संपलं की दुसरं आपोआप लागत होतं. असं करता करता ते पाचवं गाणं लागलं. मी पुढे सरकवणार, तेवढ्यात आत्याचे हात थांबले.

"बाय, ही मी हाय," ती म्हणाली.

मी हसले. म्हटलं, आत्या, हे फार लांबचं गाणं आहे. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मान तिरकी करून ऐकत होती.

"आवाज कापसासारका पिंजून फुगवलाय, पन मीच हाय. सुमनच्या हलदीचा धवला." आणि मग तिने बोटाने हवेत खूण केली, कुणी दारातून आत येताना दाखवावं तशी. "आली बग. तुजी आई."

मागचा आवाज आला. अर्धा श्वास आधी.

माझ्या अंगावर काटा आला, वगैरे काही झालं नाही. सुमन म्हणजे माझी चुलतबहीण. तिच्या हळदीला एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आले होते, हे मला तेव्हा आठवलं. मी नववीत होते. आईने त्यांना तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली होती. आत्या सांगत होती, मास्तर तुझ्या आईला म्हणाले, बाई, तुम्ही घाई करता, यांची ओळ संपू द्या. आई हसली, हो म्हणाली, आणि पुन्हा तशीच आली.

"मना दम पुरायचा नाय, लगीन झाल्यापासूनचा दमा," आत्या म्हणाली. "माजा दम संपायच्या आदी ती यायची. ती गायची तवर मी दम घ्यायची. मांडवात कुनाला कललं नाय कवा. मी पन तिला बोलली नवती. तिचं तिनंच वलकलं."

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि गाणं तुटलं. कुठल्याशा कंटेनरचे कागद अडकले होते. मी अंगणात जाऊन दहा मिनिटं बोलले. परत आले तेव्हा आत्या म्हणाली, लाव परत. आणि मी, तिखट कानांची बाई, तिला म्हणाले, नको आत्या, या फोनच्या डबड्यावर नको. घरून चांगले हेडफोन आणते, मग दोघी नीट ऐकू.

सोमवार-मंगळवार ऑफिसच्या धबडग्यात गेले. खोटं कशाला बोलू, मी टाळतही होते. जे ऐकायचं होतं त्याची भीती वाटत होती. बुधवारी संध्याकाळी हेडफोन लावून बसले. गाणं सुरू झालं. घुमारा, पाणी, आत्या. आत्याची पहिली ओळ संपत आली, मी श्वास धरला, आणि कुणी आलं नाही. ओळ संपली आणि तिला चिकटून पुढची ओळ सुरू झाली. मग तिसरी. मी खाली पाहिलं. गाणं आता सात मिनिटांचं होतं आणि नावापुढे 'नवी आवृत्ती' असं लिहिलं होतं. जुनी आवृत्ती कुठेच नव्हती. मला आगाऊ पाठवलेली लिंक पंधरा दिवसांत बंद होते, ती झालेली होती.

त्या संगीतकाराचा मेल दोन दिवसांपासून येऊन पडला होता. फार नम्र मुलगा. लिहिलं होतं की तुमची सूचना मनापासून पटली, दुसरा आवाज काढल्यावर गाणं खरंच खुललं, एवढ्या बारकाईने ऐकणारं माणूस आता कुठे भेटतं. आवाजातून आवाज सोडवणारी यंत्रं आता निघाली आहेत, एका दुपारचं काम. शेवटी हसरा चेहरा काढला होता.

मी त्याला लिहिलं, तो दुसरा आवाज माझ्या आईचा आहे, ती आता नाही, मला मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत दे. हीच माझी चूक झाली. आई-बीई न म्हणता नुसतं अभ्यासासाठी मागितलं असतं तर कदाचित त्याने दिलं असतं. तो घाबरला असावा. पुढचं उत्तर त्याचं नव्हतं, त्याच्या कंपनीचं होतं, कोर्टकचेरीच्या भाषेत. मूळ ध्वनिमुद्रण संग्राहकांच्या वारसांच्या मालकीचं आहे, त्याची प्रत देता येत नाही. आणि खाली, सदर बदल आपल्याच प्रकाशित सूचनेनुसार करण्यात आला आहे, याची नोंद घ्यावी. त्यानंतर मी तीन मेल केले. प्राध्यापकांच्या मुलाचा पत्ता शोधला, तो परदेशात असतो, त्यालाही लिहिलं. कोणाचंही उत्तर नाही. यार्डात नजरेसमोर पडून असलेला पण सोडवून न मिळणारा माल मी रोज बघते. माल हलत नाही तेव्हा मालकाला काय वाटतं हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं.

हे सगळं मी आत्याला सांगितलं नाही. वर्षभर ती विचारत राहिली, ते गाणं कवा लावतंस? कधी म्हटलं रेंज नाही, कधी म्हटलं चार्जिंग संपलंय, कधी हेडफोन विसरले. अकरा वर्षं लोकांच्या गाण्यातलं खोटं पकडून दाखवलं आणि ऐंशीच्या म्हातारीशी हे असं. तिला खोटं कळत असावं. तिने ते लावून धरलं नाही, एवढंच.

यंदा सुमनच्याच मुलीचं लग्न निघालं. हळदीला डीजे होताच, पण मुलीने हट्ट धरला की आजीचा धवला हवा. म्हणून हळदीच्या दुपारी, डीजेचे स्पीकर लागायच्या आधी, आत्याला वीस मिनिटं मिळाली. तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, झेलायला कोन नाय, तू बस मागं. आठवडाभर मी तिच्याकडून पदं शिकले. शेवटचे दोन-तीन शब्द उचलायचे आणि ओळ फिरवून परत द्यायची. मला ते कठीण गेलं नाही. गेली इतकी वर्षं गाणी ऐकतेय.

मांडवात मी आत्याच्या डाव्या खांद्यामागे बसले. हळदीचं ताट, आंब्याची पानं, केसांतली सुरंगी, सगळं तिथेच होतं. समोर आत्याची पाठ, आता वाळलेली. तिने पहिली ओळ घेतली. आवाज चिरका झालाय, पण सूर जागेवर. ओळ संपली आणि तिच्या शेवटच्या अक्षरावर मी बरोबर उतरले. दुसऱ्या ओळीलाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी आत्याचा आवाज फाटला आणि तिने हात मागे आणून माझ्या गुडघ्यावर दाबला. मला कळलं ती काय मागतेय. चौथ्या ओळीला मी आधी यायचं ठरवलं. तोंड उघडलंही. पण तिची ओळ चालू असताना माझ्या गळ्यातून सूरच निघेना. तो ओळ संपल्यावरच निघाला, अगदी वेळेवर. पाचव्या ओळीला आत्या थांबली. धवला मध्येच थांबलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, मग कुणीतरी डीजेवाल्याला हात केला.

मी तिला आतल्या खोलीत नेलं, पंप दिला, पाठ चोळली. बाहेरचा ठोका भिंतीतून येत होता.

"बरोबर येतंस, बाय. येकदम बरोबर," ती दम खात म्हणाली. टोमणा नव्हता. माझ्या आत्याला टोमणे मारता येत नाहीत, ती सरळ शिव्या देते. मग म्हणाली, "ते गानं लाव. तुजी आई कशी यायची त्या दाखवतंय तुला."

फोन माझ्या हातात होता. रेंज पूर्ण होती, चार्जिंगही होतं. मग मी तिला सांगितलं. मी काय छापलं, त्याने काय केलं, कंपनीने काय लिहिलं, सगळं. ती पंप हातात फिरवत ऐकत होती. मला वाटलं होतं ती विचारेल, सख्ख्या आईचा आवाज तुला ओळखू आला नाही? ते तिने विचारलं नाही. तिला दुसरंच काही कळत नव्हतं.

"आन मग," तिने विचारलं, "त्या गान्यात मी दम कवा घेतंय?"

मी ते गाणं मनातल्या मनात पहिल्यापासून लावून पाहिलं. सात मिनिटं. ओळीला चिकटून ओळ. त्यात आत्या एकदाही श्वास घेत नाही.